ऐकला न गेलेला सेनापती

भवानीचे नाव धारण करणारी पेठ सोलापुरात आहे, यात नवल नाही. तुळजाभवानीचे पीठ येथून जेमतेम एका दिवसाच्या पायी वाटेवर. आश्विन पौर्णिमेला सोलापुरातून तुळजापूरकडे भाविकांची रीघ लागते आणि भवानी पेठेच्या परिसरातील रस्ते रात्रभर जागे राहतात. तलवार आणि माता या दोघींना एकाच नावाने हाक मारणारा हा समाज आहे. शस्त्र हे त्याच्या श्रद्धेतच सामावलेले. मात्र शस्त्र धारण करणाऱ्याचे काय, हा प्रश्न श्रद्धेने आपोआप सुटत नाही. सैनिक धारातीर्थी पडला की त्याची प्रतिमा फुलांनी मढवली जाते, पण तो जिवंत असताना त्याचा सल्ला ऐकला जातो काय? ऑगस्ट महिना आला की कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचे स्मरण होते आणि हाच प्रश्न नव्याने उभा राहतो. 12 ऑगस्ट 1906 हा त्यांचा जन्मदिवस, तर 10 ऑगस्ट 1992 हा मृत्युदिन. या शहाऐंशी वर्षांत भारतीय सैन्याचे जे स्थित्यंतर झाले, ते समजून घ्यायचे तर थोरातांच्या चरित्रासारखा आरसा नाही. तो आरसा पाहण्यासाठी सोलापूरइतकी योग्य जागाही क्वचितच सापडेल.

एकाच शहराने पाहिलेली दोन सैन्ये

सोलापूरने सैन्य दोनदा पाहिले. पहिल्यांदा 1930 साली. गांधीजींच्या अटकेनंतर मे महिन्यात शहर पेटले, गोळीबार झाला, लोकांची माथी भडकली आणि काही दिवस शहरातून इंग्रजी सत्ता जणू नाहीशीच झाली. 12 मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला, तो जूनच्या अखेरपर्यंत चालला. डोक्यावरची पांढरी टोपी हाही त्या दिवसांत अपराध ठरला. पुढे 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्यात फासावर गेले. लष्कर म्हणजे परक्या सत्तेचा बडगा, हे सोलापूरकरांच्या मनावर त्या वेळी कोरले गेले.

दुसऱ्यांदा सैन्य दिसले ते 1948 साली. निजामाच्या राज्यातून आलेल्या निर्वासितांना या शहराने आसरा दिला होता. हैदराबाद मुक्तिलढ्याची केंद्रे सीमेलगत येथेच होती. 1938च्या अखेरीस आर्य समाजाची परिषद भरली आणि पुढील सत्याग्रहाची दिशा ठरली, तीही येथेच. 13 सप्टेंबर 1948च्या पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्याचा मुख्य हल्ला सोलापूर-हैदराबाद रस्त्याने निघाला आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आला. पाचव्या दिवशी, 17 सप्टेंबरला, निजामाने शरणागती जाहीर केली. अठरा वर्षांपूर्वी ज्या गणवेशाची धास्ती होती, तोच गणवेश आता मुक्तिदाता ठरला.

गणवेश तोच होता. पलटणींची नावेही बहुतांशी तीच होती, आणि अधिकाऱ्यांपैकी अनेकजणही तेच. मग बदलले काय? बदलली ती निष्ठेची दिशा. हा बदल एका रात्रीत झाला नाही. परक्यांच्या सैन्यात राहून स्वतःच्या देशासाठी लष्करी विद्या आत्मसात करणाऱ्या मूठभर भारतीय अधिकाऱ्यांच्या मनात तो वर्षानुवर्षे घडत होता. शंकरराव थोरात हे त्या मूठभरांपैकी एक.

एका रेजिमेंटचे तीन मार्ग

इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयातून थोरात 1926 साली अधिकारी होऊन बाहेर पडले आणि 14 पंजाब रेजिमेंटमध्ये रुजू झाले. भारतीयांना राजाच्या सनदेवर अधिकारी करण्याचा प्रयोग तेव्हा नुकताच सुरू झाला होता. त्या जागा मोजक्या होत्या आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात भारतीय तरुणाने बसावे, हेच अनेकांना खटकत होते. अशा वातावरणात मान ताठ ठेवून काम करणे हीसुद्धा एक लढाईच होती.

या 14 पंजाब रेजिमेंटचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. मलायात जपान्यांच्या हाती पडल्यावर आझाद हिंद सेनेची पहिली उभारणी करणारे कॅप्टन मोहनसिंग याच रेजिमेंटचे. पुढे लाल किल्ल्यातील खटल्यात उभे राहिलेले शाहनवाज खान आणि गुरुबक्षसिंग धिल्लन हेही तेथलेच. पुढे पाकिस्तानचे हुकूमशहा झालेले अयूब खान यांची नेमणूकही 14 पंजाबमध्येच झाली होती. थोरातही तेथलेच. एकाच छावणीत, एकाच शिस्तीत वाढलेल्या या माणसांनी तीन वेगवेगळे मार्ग धरले. काहींनी परक्या सत्तेशी असलेले इमान झुगारून मुक्तिसेना उभारली. एकाने स्वतःच्या देशाची सत्ता बळकावली. आणि थोरातांनी देश स्वतंत्र होताच आपली सारी विद्या त्या देशाच्या घटनात्मक सत्तेच्या चरणी ठेवली, पुढे त्या सत्तेने त्यांच्याकडे पाठ फिरवली तरीही. पुढील साऱ्या कथेचे मर्म या तिसऱ्या मार्गात आहे.

कांगॉ आणि कोरिया

भारतीय अधिकारी लढाईत पलटण चालवू शकेल काय, अशी शंका इंग्रज उघडपणे व्यक्त करीत. तिला 1945च्या जानेवारीत ब्रह्मदेशाच्या अराकान किनाऱ्यावर उत्तर मिळाले. कांगॉच्या लढाईत 51 व्या भारतीय ब्रिगेडच्या तिन्ही पलटणी भारतीय अधिकाऱ्यांच्या हाताखाली होत्या. के. एस. थिमय्या, एल. पी. सेन आणि एस. पी. पी. थोरात. दुसऱ्या पंजाब रेजिमेंटची दुसरी पलटण थोरातांकडे होती. ‘मेलरोज’ हे सांकेतिक नाव दिलेल्या टेकडीवर जपानी पाय रोवून बसले होते. थोरातांच्या जवानांनी संगिनी रोखून ती टेकडी घेतली. विजय महागात पडला, कारण जपानी सैनिक मरेपर्यंत जागा सोडत नसे. या लढाईबद्दल तिन्ही भारतीय सेनानींना ‘डी.एस.ओ.’ हा सन्मान मिळाला. दोन वर्षांनी देश स्वतंत्र झाला तेव्हा सैन्याची धुरा वाहण्यास समर्थ अधिकारी आहेत काय, हा प्रश्न कुणाला विचारावा लागला नाही. त्याचे श्रेय कांगॉसारख्या रणांगणांना जाते.

शौर्याचा दुसरा प्रसंग रणांगणाबाहेरचा, म्हणून अधिक विलक्षण. 1953 साली कोरियातील युद्ध थांबले, पण मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा प्रश्न उरला. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूकडे असे बावीस हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियाई कैदी होते. कम्युनिस्टांकडील अशा कैद्यांची संख्या होती 359. त्यांचा सांभाळ करण्याची जबाबदारी तटस्थ भारताकडे आली. आयोगाचे अध्यक्ष होते थिमय्या, तर संरक्षक दलाचे सेनापती होते थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांना भारतीयांचे पाऊलही आपल्या भूमीवर नको होते, त्यामुळे जवानांना अमेरिकी हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. त्या छावणीचे नाव आपल्या जवानांनी ठेवले ‘हिंद नगर’.

25 सप्टेंबर 1953 रोजी तेथील कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना कुंपणाआड ओढून नेले. कैदी हजारो होते आणि चिडलेले होते. गोळीबाराचा हुकूम देणे सर्वांत सोपे होते, पण त्यात ग्रेवाल वाचले नसते, शेकडो कैदी मेले असते आणि भारताच्या तटस्थतेची जगभर नाचक्की झाली असती. थोरात मोजक्या सहकाऱ्यांनिशी स्वतः त्या जमावात शिरले. आवाज न चढवता बोलत राहिले, हलक्याफुलक्या बोलण्याने जमावाचा पारा उतरवला आणि ग्रेवाल यांना सुखरूप बाहेर आणले. या धैर्याबद्दल त्यांना दुसऱ्या श्रेणीचे अशोकचक्र मिळाले. तोच सन्मान आज कीर्तिचक्र या नावाने ओळखला जातो.

शस्त्र चालवण्याचे धैर्य कांगॉत दिसले. हातात बळ असूनही ते न वापरण्याचे धैर्य हिंद नगरात दिसले. ही दोन्ही धैर्ये ज्याच्या ठायी एकवटतात, त्याचे म्हणणे कोणत्याही राज्यकर्त्याने कान देऊन ऐकावे, एवढी अपेक्षा अवास्तव ठरत नाही.

ऑक्टोबर 1959चा कागद

1957 ते 1961 या काळात थोरात पूर्व विभागाचे सेनाप्रमुख होते. त्या विभागाचे मुख्यालय तेव्हा लखनौला होते. ईशान्य सीमा प्रदेश, म्हणजे आजचा अरुणाचल, त्यांच्या कक्षेत होता. मार्च 1959 मध्ये दलाई लामा याच सीमेवरून भारतात आले. ऑगस्टमध्ये लोंगजूच्या चौकीवर चिन्यांनी गोळीबार केला. ‘हिंदी-चिनी भाई भाई’च्या घोषणांनी ज्यांचे कान बधिर झाले नव्हते, त्यांना पुढचे चित्र दिसू लागले होते.

थोरातांनी ते चित्र कागदावर मांडले. 8 ऑक्टोबर 1959 रोजी त्यांनी सीमेच्या संरक्षणाविषयीचा आपला सविस्तर अहवाल सेनाप्रमुख थिमय्या यांच्याकडे पाठवला. त्याचा गाभा साधा होता. सीमेवरच्या चौक्या शत्रूची चाहूल देण्यापुरत्या ठेवाव्यात. खरी लढाई सीमारेषेवर लढू नये, मागे आपल्याला सोयीच्या जागी लढावी. हिमालयाच्या ऐन माथ्यावर आपली रसद तुटपुंजी, तर तिबेटच्या पठारावरून चिनी सहज येऊ शकत. त्यांना आत येऊ द्यावे, त्यांची रसदीची वाट लांबू द्यावी आणि आपली वाट आखूड असेल तेथे त्यांना गाठावे. त्यासाठी आणखी सैन्य, आणखी रस्ते आणि आणखी साहित्य हवे, हेही त्यांनी स्पष्ट लिहिले होते.

जमीन तात्पुरती सोडून शत्रूला खोलात ओढणे ही युद्धनीती महाराष्ट्राला नवी नाही. अफजलखानाला मैदानावर न भेटता जावळीच्या जंगलात आणणाऱ्या शिवछत्रपतींच्या भूमीत थोरात वाढले होते. त्यांच्या अहवालात लष्करी शास्त्राची भाषा होती, त्यामागचे शहाणपण मात्र सह्याद्रीचे होते.

थिमय्यांनी तो अहवाल संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवला. मेनन यांना तो अनावश्यक भीती पसरवणारा वाटला आणि पंतप्रधानांपर्यंत तो पोहोचलाच नाही. थोरात तेवढ्यावर थांबले नाहीत. 17 मार्च 1960 रोजी लखनौला त्यांनी ‘लाल किल्ला’ या नावाने युद्धाभ्यास घेतला. थिमय्यांसह वरिष्ठ अधिकारी उपस्थित होते. असलेल्या बळावर ईशान्य सीमेचे रक्षण करता येणार नाही, हाच निष्कर्ष पुन्हा निघाला. पुन्हा तो कागदावर आला आणि पुन्हा दिल्लीत विरून गेला.

मे 1961 मध्ये थिमय्या निवृत्त झाले. आपल्या जागी थोरातांना नेमावे, अशी त्यांची शिफारस होती. नेमणूक झाली ती जनरल थापर यांची. थोरातही त्याच महिन्यात निवृत्त होऊन कोल्हापूरला परतले. पुढच्या दीड वर्षात सीमेवर पुढे पुढे चौक्या रोवण्याचे धोरण राबवले गेले. थोरातांच्या अहवालाच्या नेमके उलट ते धोरण होते. 20 ऑक्टोबर 1962 रोजी चीनने हल्ला केला. नामका चू नदीकाठची सातवी ब्रिगेड दोन-तीन दिवसांत मोडली. 25 ऑक्टोबरपर्यंत तवांग गेले, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात से ला आणि बोमडिला पडले. उन्हाळी कपड्यांत, अपुऱ्या दारूगोळ्यानिशी लढणारे जवान बर्फात गोठून गेले. 7 नोव्हेंबरला मेनन मंत्रिमंडळातून गेले आणि संरक्षण खात्याची धुरा यशवंतराव चव्हाणांकडे आली.

या पराभवाच्या दिवसांत पंतप्रधानांनी थोरातांना दिल्लीला बोलावून घेतले. आपला अहवाल तीन वर्षांपूर्वीच सादर झाला होता, हे थोरातांनी त्यांना सांगितले. हा कागद आपल्याला का दाखवला गेला नाही, हा पंडितजींचा प्रश्न होता. या भेटीची हकिगत थोरातांनी 1986 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी आत्मचरित्रात नोंदवून ठेवली आहे. तीन वर्षे ज्या कागदाला वाचक मिळाला नाही, त्याला वाचक मिळाला तेव्हा तेजपूर रिकामे होत होते.

दोष कुणाचा?

एका व्यक्तीच्या माथी सारे खापर फोडून मोकळे होणे सोपे आहे, पण ते इतिहासाला धरून होणार नाही. थोरातांची योजना अमलात आली असती तर विजय मिळालाच असता, असेही कुणी छातीठोकपणे म्हणू नये. नव्याने स्वतंत्र झालेल्या गरीब देशाची तिजोरी रिकामी होती. सैन्यातही सत्तेला रुचेल तेच बोलणारे अधिकारी होते. आणखी एक कारण फारसे बोलले जात नाही. ऑक्टोबर 1958 मध्ये शेजारच्या पाकिस्तानात अयूब खान यांनी सत्ता हाती घेतली होती. स्पष्ट बोलणारा प्रत्येक सेनापती उद्याचा अयूब ठरेल, अशी धास्ती दिल्लीच्या काही मनांत होती. थोरातांचा कागद लिहिला गेला तो नेमका त्यानंतर एका वर्षाने.

ही धास्ती किती निराधार होती, हे थोरातांच्या आयुष्यानेच सिद्ध केले. अयूबच्याच रेजिमेंटमधून आलेल्या या सेनापतीने अहवाल डावलला गेल्यावर पत्रकार परिषद घेतली नाही, कुठल्या पक्षाच्या दारी गेले नाहीत, बंडाची भाषा तर दूरच. वरिष्ठांमार्फत, नियमाच्या चौकटीत, पुन्हा पुन्हा सांगत राहिले आणि वेळ आली तेव्हा शांतपणे घरी गेले. नागरी सत्तेचे श्रेष्ठत्व त्यांनी मनोमन मानले होते. पण सत्तेने जर अंतिम शब्द आपल्याकडे ठेवला असेल, तर तो उच्चारण्यापूर्वी ऐकून घेण्याचे कर्तव्यही तिच्याकडेच येते. निर्णयाचा अधिकार हवा, पण अप्रिय माहिती नको, ही वृत्ती लोकशाहीची म्हणता येणार नाही. राजाला गोड तेच सांगणारे दरबारी घातक असतात, हे या देशाला चाणक्याच्या काळापासून ठाऊक आहे.

त्या पराभवाची चौकशी हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या अधिकाऱ्यांनी केली आणि 1963 साली अहवाल दिला. त्याचे काही भाग 2014 साली एका विदेशी पत्रकाराने जगापुढे आणले. शासनाने मात्र तो अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही, आणि या बाबतीत सारी सरकारे एकाच रांगेत उभी आहेत. साठ वर्षांहून जुन्या कागदाने आज कोणते गुपित फुटणार आहे? उलट नव्या पिढीच्या अधिकाऱ्यांना त्यातून जे शिकता येईल, ते मोलाचे आहे. जो समाज आपला पराभव वाचू शकत नाही, तो विजयाचे पोवाडे कितीही गाओ, त्याची सीमा सुरक्षित नाही.

पाठ काही शिकले गेले

सुदैवाने चित्र अगदीच काळे नाही. 1962च्या धक्क्यानंतर सैन्याची पुनर्रचना झाली आणि तीन वर्षांनी, 1965 साली, तेच सैन्य ताठ मानेने उभे राहिले. कारगिलनंतरच्या समीक्षेतून सेनादलांच्या समन्वयाचा विषय ऐरणीवर आला. 2020च्या आरंभापासून संरक्षण दलप्रमुख हे पद अस्तित्वात आले. त्यामुळे सैन्याचा सल्ला एखाद्या टेबलाच्या खणात अडकण्याची शक्यता घटली. जून 2020 मध्ये गलवानच्या खोऱ्यात वीस जवान धारातीर्थी पडले, पण सैन्य मागे हटले नाही. मार्च 2024 मध्ये से ला खिंडीखालचा बोगदा खुला झाला आणि तवांगची वाट बारमाही झाली. रस्ते आधी, चौक्या नंतर, असे 1959 साली सांगणाऱ्या माणसाच्या शब्दाला पासष्ट वर्षांनी दगडात आणि काँक्रीटमध्ये होकार मिळाला. तो ऐकायला थोरात नव्हते.

प्रश्न शासनापुरता नाही, समाजापुढेही तो आहे. सोलापुरात चार हुतात्म्यांचे स्मरण होते, मुक्तिलढ्याचे स्मरण होते, ते व्हायलाच हवे. पण शाळेतल्या मुलांना कांगॉ कुठे आहे, ‘हिंद नगर’ काय होते, 8 ऑक्टोबर 1959 रोजी कुणी काय लिहिले, हे कुणी सांगते काय? निवृत्त होऊन आलेला सुभेदार किंवा हवालदार महाराष्ट्राच्या जवळपास प्रत्येक तालुक्यात आहे. पंधरा ऑगस्टला त्याला व्यासपीठावर बसवून हार घालण्याची प्रथा चांगली आहे. पण त्याने पाहिलेली सीमा, सोसलेली थंडी आणि ओळखलेला शत्रू याविषयी त्याला बोलते करण्याची प्रथा त्याहून चांगली ठरेल. गणेशोत्सवाच्या मंडपात, वाचनालयात, शाखेत, महिला मंडळात अशा एका माणसाला तासभर ऐकले, तर त्या तासाचे मोल कोणत्याही तोफांच्या सलामीपेक्षा कमी नाही.

यंदाही आश्विन पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरकडे पावले चालू लागतील. भवानीकडे बळ मागणाऱ्या त्या गर्दीने तिच्याकडे आणखी एक मागणे मागावे. तलवार धरणारा हात तर तिने या भूमीला नेहमीच दिला. त्या हातामागचे डोळे जेव्हा धोका ओळखून सांगतील, तेव्हा ते ऐकणारे कानही तिने द्यावेत. कोल्हापूरच्या त्या सेनापतीला खरी मानवंदना तीच.